एल्विराचा नववा राजीनामा

आमच्या तत्त्वज्ञान मंडळाच्या घटनेत बारा कलमं होती. त्यातली अकरा कुणालाही आठवत नव्हती. सातवं मात्र परवा प्रवेश घेतलेलं पोरही झोपेत म्हणून दाखवायचं: 'पदावर असलेल्याने पद सोडताना कारण द्यावे. सभेला ते कारण खोडून काढता आले, तर राजीनामा नामंजूर.'

हे कलम लिहिणारे चौघं आमच्या कितीतरी आधीचे. कँटीनमध्ये बसून गंमत म्हणून लिहिलं असणार. पण गंमत म्हणून लिहिलेलं तत्त्वज्ञानाच्या पोरांच्या हातात पडलं की त्याचा वेद होतो. आम्ही त्यावर चर्चा केल्या, पोटनियम केले. कारण एकदाच सांगायचं. मग ज्याला खोडायचं त्याने खोडायचं. मग पदाधिकाऱ्याला एकदा उत्तर द्यायचा हक्क, आणि शेवटी हात वर.

खरं सांगायचं तर या वाटेने कुणी जातच नसे. लोक पळायचे. आमचा एक अध्यक्ष बार्सेलोनाला गेला आणि तिथून समुद्राचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं. एक उपाध्यक्ष कधीच कायद्याला निघून गेला होता आणि आम्ही दोन वर्षं त्याचं नाव पत्रिकेवर छापत होतो. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नियमाने, पुढच्या दाराने, कारण सांगून बाहेर पडायला बघणारी एकटीच निघाली. ती म्हणजे आमची चिटणीस, एल्विरा नासिफ.

तिचे आजोबा सिरियातून आलेले, म्हणून सगळे तिला 'तुर्का' म्हणायचे. आमच्या तुकुमान प्रांतात सिरियातून आलेला असो की लेबननमधून, तो तुर्कच. तिलाही त्याचं काही वाटत नसे. वडिलांचं फामाया गावी कापडाचं दुकान होतं. ते गेले, दुकान बंद झालं, आणि माय-लेकी शहराच्या दक्षिणेला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आल्या. एल्विरा तेव्हा एकोणीस वर्षांची. तत्त्वज्ञान का घेतलंस असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दुकानात बसून बसून गिऱ्हाईकं बघितली ना. माणूस एक मीटर कापड घ्यायला तासभर का लावतो, ते समजून घ्यायचं होतं."

बाविसाव्या वर्षी ती चिटणीस झाली, त्याला कारण तिचं अक्षर. त्या वेळच्या अध्यक्षाने सभेत विचारलं, "कुणाचं अक्षर चांगलं आहे?" फळ्यावर त्या दिवशीच्या व्याख्यानाची सूचना तिने लिहिलेली होती. सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, झालं. इतकं सरळ, गोल, वाचणाऱ्याला विश्वास वाटेल असं अक्षर मी नंतर कुणाचं पाहिलं नाही.

आता मंडळ म्हणजे काय, तर दर गुरुवारी संध्याकाळी सहाला व्याख्यान. नऊ जुलैला, स्वातंत्र्य दिनाला, अंगणात मक्याचा आणि भोपळ्याचा लोक्रो शिजवायचा. एकवीस सप्टेंबरला, विद्यार्थी दिनाला, बागेत सहल. ऑगस्टात एक गाण्याची मैफल, गिटार, मोठा ढोल आणि दीड-दोनशे एम्पानादा, खिमा भरलेल्या करंज्याच त्या. आणि सगळ्यात मोठं काम जूनच्या शेवटी, तीन दिवसांचा परिसंवाद. त्याला साल्ता, हुहुई, सांतियागोहून पोरं बस भरभरून यायची. व्याख्यानं ऐकायला कमी आणि प्रमाणपत्र न्यायला जास्त. प्रमाणपत्राशिवाय आमच्याकडे कुणी जांभईही देत नाही.

हे सगळं आम्ही 'करायचो' असं मी म्हणतो, पण आम्ही बोलायचो. करायची एल्विरा. पहारेकऱ्याकडून किल्ली आणायची तिने, वरच्या मजल्यावरून खुर्च्या उतरवायच्या तिने. पाहुण्याला बसस्टँडवरून आणायचं, त्याला वांगं चालत नाही हे लक्षात ठेवायचं, भिंतीवर पत्रकं डकवायची, बोलणाऱ्यांची यादी करायची, कॉफीचं मोठं भांडं भरायचं, इतिवृत्त लिहायचं. एकदा कप कुणी विसळायचे यावर सभेत वाद झाला. कप विसळणं हे कर्तव्य आहे की सद्गुण? दीड तास काथ्याकूट झाला. मी स्वतः दोनदा बोललो, छान बोललो. निकाल लागायच्या आत एल्विरा कप विसळून आली आणि तोवर झालेलं कुणाला तरी विचारून वहीत लिहू लागली.

आम्ही दुष्ट नव्हतो हो. आळशी होतो, आणि आपल्याच आवाजाच्या प्रेमात होतो.

चिटणीस झाल्यावर पुढच्याच एप्रिलमध्ये, वर्षाच्या पहिल्या सभेत, तिने पहिला राजीनामा दिला. कारण सांगितलं, "परीक्षा आहेत." कुणीतरी उठून म्हणालं, परीक्षा सगळ्यांनाच आहेत, मग सगळ्यांनीच राजीनामा द्यावा का? हशा झाला. हात वर झाले. नामंजूर. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "मी थकलेय." त्यावर ब्राउलिओ उठला. हा ब्राउलिओ पुढे अध्यक्ष झाला. जाडा, गोड गळ्याचा, दाढीत एम्पानादाचा चुरा. म्हणाला, "थकवा ही अवस्था आहे, कारण नव्हे. अवस्था विश्रांतीने जाते. चिटणिसांनी रविवारी झोपावं." टाळ्या. सहाव्या वर्षी तिने सांगितलं, "नव्या लोकांना संधी मिळावी." तेव्हा नव्या लोकांनीच एकजुटीने उठून आम्हाला संधी नको म्हणून सांगितलं.

हळूहळू तो कार्यक्रमच झाला. वाईट वाटतं लिहायला, पण तो आमचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम होता. गुरुवारच्या व्याख्यानाला पंधरा डोकी जमायची मारामार, आणि 'तुर्काच्या राजीनाम्या'ला कायद्याची पोरं यायची, मानसशास्त्राच्या पोरी यायच्या, खिडकीत बसायला जागा नसायची. मॅतेचा, कडू चहाचा, पेला हातोहात फिरायचा. जो कारण खोडून काढेल त्याला कफायातेच्या वाइनची बाटली. आणि त्या कार्यक्रमाच्या खुर्च्या कोण लावायचं? तीच. तिच्याच राजीनाम्याचं इतिवृत्त कोण लिहायचं? तीच. एका वर्षी एका भल्या मुलीने सुचवलं, आजच्यापुरतं दुसऱ्या कुणी लिहावं. ब्राउलिओ म्हणाला, "ती स्वतःच्या विरुद्ध लिहिते. तिच्याइतकं निःपक्षपाती दुसरं कोण आहे?" हेही बरोबरच वाटलं सगळ्यांना.

ती हसायची. मान खाली घालून, लिहिता लिहिता. मला वाटायचं तिलाही मजा येते.

आता नवव्या राजीनाम्याचं सांगतो, कारण तो मी खोडला.

त्या वर्षी मार्चमध्ये विद्यापीठाच्या कार्यालयाच्या फलकावर सूचना लागली. जुना अभ्यासक्रम बंद. जुन्या विद्यार्थ्यांनी तीस जूनपर्यंत पदवीचा प्रबंध द्यावा. न दिल्यास नव्या अभ्यासक्रमात नाव घालून अकरा विषयांच्या परीक्षा पुन्हा. अशा जुन्यांत आम्ही फार जण नव्हतो. माझा प्रबंध आधीच गेला होता. एल्विराची चार प्रकरणांपैकी तीन झाली होती. विषय होता वचन: दिलेला शब्द माणसाला बांधतो तो कशाच्या जोरावर.

आणि या खेपेला नुसत्या पदवीचा प्रश्न नव्हता. तिचे मार्गदर्शक डॉक्टर लिसान्द्रो यांनी तिच्यासाठी वर ताफीला, डोंगरातल्या शिक्षक विद्यालयात शब्द टाकला होता. ऑगस्टपासून नोकरी, राहायला खोली. फक्त पदवीचा कागद हवा. तिच्या आईला, दोन्या साल्मांना, दमा. आमच्याकडे जूनपासून, हिवाळा लागला की, उसाचे फड पेटवतात, आणि पार नोव्हेंबरपर्यंत शहरावर काळी राख पडत राहते. दोरीवरच्या चादरीवर पडते, दुधाच्या पातेल्यात पडते. त्या महिन्यांत म्हातारी खिडकीला ओलं फडकं लावून बसायची, आणि तिचा श्वास दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. ताफीला राख नाही. एल्विराने हे सगळं मला सांगितलं होतं, खुर्च्या उतरवताना, जिन्यात. "या हिवाळ्यात आईला वर नेणार बघ," म्हणाली. इतक्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी एक खुर्ची उचलली. ती चार.

एप्रिलच्या सभेत ती उठली. नेहमीसारखी कुजबुज, नेहमीसारखं कुणीतरी शीळ घातली. ती म्हणाली, "तीस जूनला प्रबंध द्यायचाय. चौथं प्रकरण राहिलंय. दहा आठवडे आहेत. परिसंवादाचं काम करत ते होणार नाही. म्हणून मला सोडा."

मला सोडा, असं म्हणाली. बाकीच्या वर्षी म्हणायची, 'मी पद सोडते.'

खोलीत जरा शांतता पसरली. दोन क्षण वाटलं, या वर्षी कुणी उठणार नाही. ब्राउलिओनेसुद्धा नुसती दाढी खाजवली. आणि मी, नेस्तोर, सव्वीस वर्षांचा शहाणा, उठलो.

का उठलो? शांतता बघून उठलो. सगळ्यांना जे अवघड वाटतंय ते आपल्याला येतंय, हे दिसलं म्हणून उठलो. दुसऱ्या रांगेत मानसशास्त्राची एक मुलगी बसली होती, तेही एक कारण. आता लपवून काय करायचंय.

मी म्हणालो, "चिटणीस म्हणतात, मंडळामुळे प्रबंध होत नाही. बघू या. उन्हाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, मंडळाला सुट्टी असते. नऊ वर्षांत नऊ उन्हाळे, म्हणजे अठरा महिने मंडळ नव्हतं. त्या अठरा महिन्यांत प्रबंध झाला का? नाही झाला. म्हणजे मंडळ नसतानाही प्रबंध होत नाही. मग मंडळ सोडल्यावर तो होईल, हे कशावरून?"

काय हशा झाला! कुणीतरी बाकावर मुठी आपटल्या. "संपलं, तुर्का!" खिडकीतून ओरडलं कुणी. "नेस्तोरने घेतली बाटली!"

आणि मला, उभ्या उभ्या, बोलता बोलता, ठाऊक होतं की हे खोटं आहे. तिचे उन्हाळे कुठले मोकळे? नापास झालेल्या शाळकरी पोरांना ती उन्हाळाभर शिकवायची, सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत, जेवायच्या टेबलावर, एकामागून एक. त्यावरच त्या दोघींचं वर्ष चालायचं. आणि ते मला ऐकून नव्हे, बघून माहीत होतं. माझा धाकटा भाऊ गोन्सालो गणितात दोनदा गटांगळ्या खाऊन तिच्याकडेच दोन उन्हाळे बसला होता. मीच त्याला सोडायला जायचो. दारात उभं राहून मी तिला घामाने चिंब, तिसऱ्या पोराला तेच समीकरण सांगताना बघितलं होतं.

ब्राउलिओने नियमाप्रमाणे विचारलं, "चिटणिसांना उत्तर द्यायचंय?"

तिने मान वर न करता हात दाखवला. "थांबा. शेवटचं वाक्य राहिलंय." तिने माझं वाक्य पूर्ण लिहिलं. पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, "नाही."

हात वर झाले. नामंजूर. एल्विराने तेही लिहिलं, कपाटातून बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. "छान मांडलंस," म्हणाली. मी ती बाटली त्या मानसशास्त्राच्या मुलीबरोबर प्यायलो. तिचं नावही आता आठवत नाही.

मला वाटलं होतं की ती मनावर घेणार नाही. येणं बंद करेल, घरी बसेल, लिहील. कोण तिला पोलीस लावून आणणार होतं? पण दुसऱ्या गुरुवारी साडेपाचला मी गेलो, तर खुर्च्या लागलेल्या.

मे महिना असाच गेला. तिच्या पिशवीत चौथ्या प्रकरणाची वही असायची. व्याख्यान चालू असताना मांडीवर घ्यायची, दोन ओळी लिहायची, की कुणीतरी "तुर्का, दिवा जातोय," "तुर्का, साखर संपली." वही परत पिशवीत. डॉक्टर लिसान्द्रो एकदा दारात तिच्यावर चांगलेच भडकले. म्हातारा फार सभ्य, आवाज चढवणारा नव्हे. "बाळ, तुला कळतंय का काय चाललंय? त्या लोकांना सांग, मला वेळ नाही."

"सांगितलं, डॉक्टर."

"मग?"

"खोडून काढलं."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पत्रकाला गोंद लावण्यात फार गढून गेलो होतो.

जून आला आणि राख पडायला लागली. परिसंवाद अठ्ठावीस ते तीस. कोर्दोबाहून येणारे मुख्य पाहुणे बसमध्ये बॅग विसरले, आणि त्या बॅगेत त्यांचं भाषण. अठ्ठावीसचा अख्खा दिवस एल्विरा बसस्टँडवर, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. बॅग मिळाली. भाषण दोन तास चाललं, त्यात निम्मे लोक झोपले. एकोणतीसला हुहुईच्या पोरांची राहायची जागा ऐनवेळी रद्द झाली. बावीस जणांची सोय तिने कुठे कुठे लावली, देव जाणे. सहा जण तर तिच्याच घरात, जमिनीवर.

तीस तारखेला सकाळी ती एका बाकावर बसली होती, पुढे प्रमाणपत्रांचा गठ्ठा. एकशे ऐंशी. छापून आलेली कोरी, नावं हाताने घालायची. दुपारी दोनला साल्ताची बस सुटणार, आणि प्रमाणपत्राशिवाय कुणी बसमध्ये चढायला तयार नाही. कार्यालयाची खिडकी एकला बंद होणार. मी तिथून चाललो होतो. विचारलं, "तुझं काय झालं? दिलंस?"

"शेवटची नऊ पानं राहिलीत."

"मग सोड ना हे!"

"कुणाला देऊ? तू लिहितोस?"

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे कारण होतं का? नव्हतं. तरी मी तेच बोललो, "माझं अक्षर बघितलंयस ना?" आणि हसलो. ती पण हसली, आणि पुढचं नाव माझंच आलं. तिने माझ्यासमोर ते लिहिलं, वक्ता म्हणून, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मला दिलं. तेव्हा बारा वाजले होते. ते प्रमाणपत्र पुढे माझ्या नोकरीच्या अर्जाला मी जोडलं. नोकरी मिळाली.

एक वाजला. खिडकी बंद झाली.

तिने मुदतवाढीचा अर्ज केला. नामंजूर झाला. इथे कुणी कारण खोडून काढायचीही तसदी घेतली नाही, नुसता शिक्का. ताफीची जागा दुसऱ्या कुणाला गेली. डॉक्टर लिसान्द्रोंनी त्या वर्षी आमच्या मंडळाच्या पत्राला उत्तर दिलं नाही, आणि मला रस्त्यात बघून पलीकडच्या फुटपाथवर गेले.

ऑगस्टात मैफलीचा ढोल परत न्यायला मी तिच्या घरी गेलो. ती शिकवणीला बाहेर गेली होती. आता हिवाळ्यातही शिकवण्या घेत होती. दार दोन्या साल्मांनी उघडलं. खिडकीला ओलं फडकं, कडेला काळं झालेलं. त्यांनी मला बसवलं, कॉफी दिली, वेलची घातलेली, आणि समोर बसून दम खात राहिल्या.

"तुम्ही त्या तत्त्वज्ञानवाल्यांपैकी ना?"

"हो, दोन्या साल्मा."

"मग तुम्हाला कळत असेल. मला सांगा, माझ्या मुलीचं कुठे चुकलं?"

"तिचं काही चुकलं नाही."

"असं कसं? इतकी हुशार माणसं जमता तुम्ही दर गुरुवारी. इतकं बोलता. कुणाचं तरी चुकलं असेलच ना." त्यांना धाप लागली. हाताने त्यांनी मला थांबवलं, श्वास सापडेपर्यंत. "की तुमच्याकडे ते शिकवत नाहीत?"

मी ढोल उचलला आणि निघालो. कॉफी तशीच राहिली. लाज वाटली, भयंकर लाज वाटली, पण ती लाज घेऊन मी एल्विराकडे गेलो नाही. मनात म्हटलं, एप्रिलमध्ये बघू. एप्रिलमध्ये ती राजीनामा देईल, आणि या वेळी मी उठेन आणि सांगेन, मंजूर करा. मनातल्या मनात भाषणसुद्धा तयार केलं. चांगलं झालं होतं.

एप्रिल आला. खोली खच्चून भरली होती. मागच्या वर्षीचं ऐकून आणखी लोक आलेले. पहिले विषय कसेबसे उरकले. ब्राउलिओने घसा साफ केला, "आता चिटणिसांचा दहावा राजीनामा!" टाळ्या, शिट्ट्या.

एल्विरा बसूनच होती. लिहीत होती. म्हणाली, "या वर्षी नाही."

"म्हणजे?"

"देणार नाही राजीनामा. पुढचा विषय घ्या."

"हे काय, बाई!" खिडकीतला कायद्याचा एक पोरगा ओरडला. "आम्ही दोन बस बदलून आलोय!"

"अगं, निदान कारण तरी सांग," ब्राउलिओ म्हणाला.

"पद सोडायला कारण लागतं. राहायला लागत नाही. तारीख गेली, ताफी गेलं. आता सोडून करू काय?" तिने पान उलटलं. "पुढचा विषय?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, निष्ठा. कुणीतरी म्हणालं, "वा, तुर्का!" ब्राउलिओच्या डोळ्यांत पाणी आलं, मूर्खाच्या. तो म्हणाला, अशा चिटणिसासाठी ती बाटली या वर्षी आपण तिलाच देऊ या. दिलीसुद्धा. तिने ती खुर्चीखाली ठेवली.

माझं भाषण वाया गेलं. मी उठलो आणि दुसरंच बोललो. कलम सात रद्द करा, म्हटलं. आत्ताच्या आत्ता. माझा आवाज चिरकला. लोक जरा दचकले. मग एकाने विचारलं, रद्द करायचं कारण काय? दुसरा म्हणाला, कारण खोडता आलं तर कलम राहील ना? तिसरा म्हणाला, पण कलम सात पदांना लागू आहे, स्वतःला लागू आहे का? आणि मग सुटले सगळे. एकामागून एक हात वर व्हायला लागले. एल्विरा बोलणाऱ्यांची यादी करायला लागली. सव्वा तासाने विषय पुढच्या गुरुवारवर ढकलला आणि चहापाण्याची सुट्टी झाली.

ती अंगणातल्या नळावर कप विसळत होती. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. एक कप घेतला. विसळला. आयुष्यात पहिल्यांदा.

"एल्विरा," म्हटलं. तुर्का नाही म्हणालो. "मागच्या वर्षी मी जे बोललो ना, ते खोटं होतं."

"कुठलं?"

"उन्हाळ्याचं. तुझे उन्हाळे मोकळे नव्हते. मला माहीत होतं. गोन्सालोला मीच तर सोडायला यायचो."

"हो की. मलाही माहीत होतं." तिने कप पालथा घातला, दुसरा घेतला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. फार दमलेली दिसत होती, बत्तीस वर्षांची बाई, आणि पाणी थंडगार होतं.

"मग उत्तर का नाही दिलंस? ब्राउलिओने विचारलं होतं तुला."

"लिहीत होते रे. तू किती भरभर बोलतोस. लिहिताना सुचत नाही काही."

"बरं, तेव्हा नाही सुचलं. पण नंतर? घरी गेल्यावर? दुसऱ्या दिवशी नुसतं म्हणाली असतीस, मी येत नाही, जा. कोण अडवणार होतं तुला?"

"कुणीच नाही." तिने नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून उभी राहिली. "घरी जाऊन ते इतिवृत्त मी परत वाचलं. दोन-तीनदा वाचलं. अठरा महिने, नऊ उन्हाळे, सगळं नीट मांडलेलं. मला ते खरं वाटलं, नेस्तोर. माझ्याच अक्षरात होतं ना."